प्रोजेक्ट रिपोर्ट दुरुस्त करूनही परत का येतो?

सरांनी पहिल्या मसुद्यावर पंधरा ठिकाणी लाल पेन चालवला. विद्यार्थिनीने पंधराही दुरुस्त्या केल्या, नवी प्रिंट काढली आणि केबिनमध्ये नेऊन दिली. दोन दिवसांनी ती प्रिंट नव्या दहा खुणा घेऊन परत आली. त्यातल्या निम्म्या खुणा आधीच्या दुरुस्त्यांमुळेच तयार झालेल्या. तक्ता ४.२ काढून टाकला म्हणून पुढचे तक्ते एकेक क्रमांक मागे आले, पण मजकुरात अजून 'तक्ता ४.५ पाहा' असंच आहे. हार्डनेसचा (पाण्याच्या जडपणाचा) आकडा तक्त्यात बदलला, सारांशात जुनाच राहिला. मार्च-एप्रिलात सोलापुरातल्या कॉलेजांजवळच्या टायपिंग-बाइंडिंगच्या दुकानात थोडा वेळ थांबलात तर हीच तक्रार निरनिराळ्या तोंडून ऐकू येते.

अशा वेळी बरीच मुलं स्वतःलाच बोल लावतात. घरी तेलुगू किंवा कन्नड, शाळा मराठी आणि रिपोर्ट इंग्रजीत. मग 'माझं इंग्लिश कच्चं, म्हणून सर परत पाठवतात' अशी समजूत होऊन बसते. हे ऐकून वाईट वाटतं, कारण ते खरं नाही. भाषेची चूक एकदा सुधारली की सुधारलेलीच राहते. 'वॉज'च्या जागी 'वेअर' केलं, विषय मिटला. पुन्हा पुन्हा उगवणारी चूक वेगळ्या जातीची असते. एकच माहिती रिपोर्टमध्ये पाच-सात ठिकाणी हाताने टाइप केलेली असते आणि त्या जागा एकमेकींना बांधलेल्या नसतात. एक बदलली की बाकीच्या खोट्या ठरतात. प्रत्येक आकड्याला, प्रत्येक तक्त्याच्या क्रमांकाला, प्रत्येक संदर्भाला एकच मूळ जागा दिली आणि बाकी सगळीकडे तो तिथूनच आणला, तर ही साखळी थांबते.

उदाहरणासाठी आपल्याकडचा नेहमीचा विषय धरतो: शहरातल्या बोअरच्या पाण्याची तपासणी. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून अपार्टमेंटपासून विडी कामगारांच्या घरकुलापर्यंत बोअरवर भिस्त. खाली दख्खनचा बेसॉल्ट. त्याच्या झिजेतून कॅल्शियम-मॅग्नेशियम पाण्यात उतरतं आणि हीटरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो. विषय घरचा आहे, सोपा आहे, आणि रिपोर्टमधल्या बहुतेक अडचणी यात सापडतात.

आधी दोष कुठे आहे ते शोधा

वर्डमध्ये हात घालण्याआधी सारांश आणि निष्कर्ष एवढीच पानं प्रिंट करा. त्यांतल्या प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलने रेघ मारा. तो आकडा कुठल्या तक्त्यातून आला ते शेजारी लिहा, आणि त्या तक्त्यावरून प्रयोगवहीच्या पानापर्यंत मागे जा.

एखादा आकडा तक्त्यात सापडलाच नाही, तर गडबड आशयात आहे: जे मोजलं नाही ते तुम्ही निष्कर्षात लिहिलंय. सापडला पण वेगळा निघाला, तर एक्सेल आणि वर्ड यांची फारकत झाली आहे. सगळे आकडे जुळले आणि तरी रिपोर्ट परत येतोय, तर दोष मांडणीत. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. आशयाचा दोष असताना फॉन्ट आणि मार्जिन सुधारत बसण्यात फार मुलांचा फार वेळ गेलेला मी पाहिलाय.

आकडे जागोजागी वेगळे निघतात

एका बोअरचा हार्डनेस काढताना काय होतं ते जवळून पाहू. ५० मिली नमुना घेतला, पीएच १० चं बफर घातलं, एरिओक्रोम ब्लॅक-टी हे रंग बदलणारं इंडिकेटर टाकलं आणि ०.०१ मोलर ईडीटीएने टायट्रेशन केलं, म्हणजे रंग बदलेपर्यंत ब्युरेटमधून ते थोडं थोडं सोडलं. वाइनसारखा लाल रंग जाऊन स्वच्छ निळा आला. ब्युरेटवरची तीन रीडिंग समजा १८.४, १८.५ आणि १८.४ मिली आली. या तीव्रतेच्या ईडीटीएचा १ मिली म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, आणि ५० मिलीवरून लिटरवर जायला वीसने गुणायचं. सरासरी घेऊन गुणाकार केला की कॅल्क्युलेटर दाखवतो ३६८.६६६७.

आता हा आकडा किती रूपांत फिरतो बघा. वहीत ३६८.६६, कारण शेवटचे अंक लिहिले नाहीत. एक्सेलमध्ये ३६८.६७, कारण तिथे दोन दशांश स्थळं ठरवलेली. तक्त्यात ३६८.७. आलेखावर ३६९. सारांशात 'सुमारे ३७०'. सगळे एकाच मापनाचे, पण परीक्षकाला हे पाच निरनिराळे आकडे दिसतात आणि तो विचारतो, यातला खरा कुठला?

खरा किती अंकांपर्यंत लिहायचा, याचं उत्तर ब्युरेटवरच आहे. ब्युरेटची सर्वांत लहान खूण ०.१ मिलीची. वीसने गुणल्यावर ती २ मिलिग्रॅम प्रतिलिटर होते. म्हणजे तुमचं उपकरण दोन-दोन मिलिग्रॅमच्या पायऱ्यांनी मोजतंय, आणि तुम्ही शंभराव्या भागापर्यंत लिहिताय. दशांशानंतरच्या त्या अंकांना काही आधार नाही. इथे ३६९ लिहायचं, आणि सगळीकडे ३६९च लिहायचं. पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य घाला की प्रत्येक नमुन्याची तीन टायट्रेशनं केली आणि सरासरी पूर्णांकात दिली आहे. त्या एका वाक्याने व्हायव्हातला अर्धा वाद मिटतो.

यंत्रमागावर उभा धागा तुटला की पुढच्या सगळ्या कापडात ती रेघ उतरत जाते, हे सोलापुरात कुणाला समजावून सांगायला नको. मूळ आकड्याचं तसंच आहे. म्हणून एक्सेलची एकच फाइल मूळ माना. पहिल्या शीटवर फक्त ब्युरेटची रीडिंग, हाताने भरलेली. दुसऱ्या शीटवर गणित, ते सूत्रांनी. तिथे एकही आकडा टाइप करायचा नाही. राउंडिंग गणिताच्या शेवटी एकदाच. वर्डमधला तक्ता आणि आलेख दोन्ही या दुसऱ्या शीटवरून घ्या. रीडिंग बदललं तर पहिल्या शीटवर बदला, आणि वर्डमध्ये तो आकडा 'कंट्रोल-एफ'ने शोधून प्रत्येक ठिकाणी बदला. नुसता तक्ता बदलून फाइल बंद केली की चुकलंच.

एक्सेलची एक खोडही सांगून ठेवतो. नमुन्यांना '५-१', '५-२' असे क्रमांक दिलेत तर एक्सेल त्यांची तारीख करून टाकतो, आणि मूळ क्रमांक परत मिळवणं जिकिरीचं होतं. हा त्रास इतका जुना आणि जगभरचा आहे की मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने 'मार्च१', 'सेप्ट१' अशा नावांची जनुकं 'मार्चएफ१', 'सेप्टिन१' अशी बदलली. २०२० च्या त्यांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये याचा उल्लेख आहे. आपल्याला एवढं मोठं काही करायला नको. क्रमांकाआधी अक्षर घाला, किंवा तो कॉलम आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा.

'निष्कर्ष यातून निघत नाही' असा शेरा येतो

हा शेरा आला की मुलं निष्कर्षाची वाक्यरचना बदलतात. शेरा तसाच राहतो, कारण दोष वाक्यात नसतोच.

३६९ वर परत येऊ. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) हार्डनेससाठी दोन मर्यादा देतं: स्वीकारार्ह २०० मिलिग्रॅम प्रतिलिटर, आणि दुसरा स्रोत नसेल तर चालणारी कमाल ६००. एकूण विरघळलेल्या क्षारांसाठी याच दोन मर्यादा ५०० आणि २,००० आहेत. नायट्रेटला मात्र ४५ ही एकच मर्यादा, तिथे सूट नाही, पीएचही ६.५ ते ८.५ मध्येच हवा. आता एक मुलगा लिहितो 'पाणी पिण्यास अयोग्य', कारण ३६९ हे २०० पेक्षा जास्त. त्याची मैत्रीण लिहिते 'पिण्यास योग्य', कारण ३६९ हे ६०० पेक्षा कमी. दोघांचाही निष्कर्ष टिकत नाही. हार्डनेसवरून एवढंच म्हणता येतं की तो स्वीकारार्ह मर्यादेच्या वर आणि पर्यायी स्रोत नसतानाच्या मर्यादेच्या आत आहे. पाणी पिण्याजोगं आहे की नाही हे ठरवायला जिवाणूंची तपासणी लागते. मानकानुसार १०० मिली नमुन्यात ई. कोलाय आढळताच कामा नये. ती तपासणी केली नसेल तर 'पिण्यास योग्य' हे शब्द तुमच्या रिपोर्टमध्ये येऊ शकत नाहीत. आपल्या आकड्यांवर लोक विसंबतात. शेजारच्या घरातली आजी रिपोर्टचं शेवटचं पान वाचून बोअरचं पाणी प्यायला लागली तर, एवढा विचार निष्कर्ष लिहिताना मनात असावा.

दुसरी तितकीच नेहमीची उडी. नमुने घेतले जुळे सोलापूर आणि होटगी रोड परिसरातल्या मोजक्या बोअरचे, आणि निष्कर्षात आलं 'सोलापूर शहरातील भूजल'. नमुने घेतले फक्त मे महिन्यात, आणि लिहिलं 'वर्षभर'. जेवढ्या बोअर, जो भाग, जो महिना, तेवढंच बोला. रिपोर्ट लहान वाटेल ही भीती सोडून द्या. दहा बोअरबद्दल नेमकं सांगणारा रिपोर्ट अख्ख्या शहराबद्दल मोघम बोलणाऱ्या रिपोर्टपेक्षा कितीतरी कामाचा असतो.

हे दोष मुळातून काढण्यासाठी एका कोऱ्या कागदावर चार रकाने आखा: उद्देश, पद्धत, तक्ता किंवा आलेख, निष्कर्ष. प्रत्येक उद्देशाची एक ओळ. चारही रकाने भरले तर ठीक. उद्देश आहे पण तक्ता नाही, तर तो उद्देश काढा किंवा ते काम करा. निष्कर्ष आहे पण त्याच्या डावीकडे उद्देश नाही, तर ते वाक्य चर्चेत न्या किंवा पुसा. हा कागद रिपोर्टमध्ये लावायचा नाही, टेबलावर ठेवायचा. कुठलंही प्रकरण बदललं की या कागदावरची ओळ आधी बदलायची. प्रकरणांचा क्रम (प्रस्तावना, पद्धती, निरीक्षणं, चर्चा) जगभर का टिकून आहे तेही या कागदावरून कळतं: काय विचारलं, कसं शोधलं, काय मिळालं, त्याचा अर्थ काय.

निरीक्षणं आणि चर्चा यांची सरमिसळ मात्र वेगळी बघावी लागते. निरीक्षणांच्या प्रकरणात 'कारण' हा शब्द आला की थांबा. 'बोअर क्रमांक ७ चा हार्डनेस सर्वांत जास्त होता' हे निरीक्षण. 'कारण तिथे बेसॉल्टच्या भेगांमधून येणारं पाणी जास्त काळ खडकाच्या संपर्कात राहतं' ही चर्चा, आणि तिला संदर्भ हवा. केलेलं आणि पाहिलेलं भूतकाळात लिहा, सर्वसाधारण सत्य वर्तमानकाळात. एवढा नियम पाळला तरी भाषेवरचे बरेच शेरे आपोआप कमी होतात.

पद्धतीच्या प्रकरणाबद्दल थोडक्यात. 'प्रमाणित पद्धतीने तपासणी केली' एवढ्यावर कुणी तुमचा प्रयोग पुन्हा करू शकत नाही. पाणी तपासण्याच्या पद्धतींचं मानक आयएस ३०२५, त्याचा कुठला भाग वापरला ते लिहा. हार्डनेससाठी भाग २१ आहे. पंप किती वेळ चालवून मग बाटली भरली, बाटली कशाची, नमुना किती तासांनी तपासला, हे सगळं प्रयोगवहीत असतं आणि रिपोर्टमध्ये नेमकं तेच येत नाही.

क्रमांक आणि पानं सारखी बिघडतात

वर्डमधल्या जवळजवळ सगळ्या तक्रारींचं मूळ एका सवयीत आहे: दिसायला हवं तसं हाताने करून घ्यायचं. शीर्षक ठळक करायचं, साइझ १६ करायचा. नवं प्रकरण नव्या पानावर जावं म्हणून एंटर दाबत राहायचं. तुमची फाइल अशी आहे का ते पाहायला 'कंट्रोल-शिफ्ट-८' दाबा. लपलेल्या खुणा दिसू लागतील. परिच्छेदाच्या खुणा ओळीने खाली उतरत गेल्या असतील किंवा शब्दांमध्ये ठिपक्यांच्या रांगा असतील, तर सरांनी सुचवलेली एक ओळ घातली तरी पुढची सगळी पानं सरकणार.

दुरुस्ती अशी करा. प्रकरणाच्या नावाला 'होम'मधल्या स्टाइल्समधून 'हेडिंग १' लावा, उपशीर्षकाला 'हेडिंग २'. दिसणं आवडलं नाही तर शीर्षक बदलू नका. स्टाइलवर राइट क्लिक करून 'मॉडिफाय'मध्ये फॉन्ट, साइझ, अंतर ठरवा. तिथेच परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये 'पेज ब्रेक बिफोर' निवडलं की प्रत्येक प्रकरण आपोआप नव्या पानावर जातं आणि एंटरच्या रांगा पुसून टाकता येतात. मग 'रेफरन्सेस'मधून अनुक्रमणिका घाला. ती टाइप केलेली असली तर निर्दयपणे पुसा.

तक्त्यांचं आणि आकृत्यांचं तेच. क्रमांक टाइप न करता 'इन्सर्ट कॅप्शन' वापरा. मराठी रिपोर्ट असेल तर 'न्यू लेबल'मध्ये 'तक्ता' आणि 'आकृती' अशी लेबलं तयार होतात. तक्त्याचं नाव वर, आकृतीचं खाली. मजकुरात 'तक्ता ४.२' असा उल्लेख करायचा तिथे 'क्रॉस-रेफरन्स'मधून 'ओन्ली लेबल अँड नंबर' निवडून घाला. आता मधला एखादा तक्ता काढला तरी 'कंट्रोल-ए' आणि मग 'एफ९' दाबलं की पुढचे सगळे क्रमांक आणि उल्लेख स्वतःच सरळ होतात. ४.२ असा प्रकरणासह क्रमांक हवा असेल तर 'हेडिंग १'ला आधी मल्टिलेव्हल लिस्टचा क्रमांक जोडलेला असावा लागतो. तो नसला की क्रमांकाच्या जागी एरर दिसते आणि मुलं घाबरून परत हाताने टाइप करायला लागतात.

घाबरवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे छापलेल्या पानावर ठळक अक्षरांत येणारं 'एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड'. स्क्रीनवर काही नव्हतं, प्रिंटमध्ये कुठून आलं? छापण्याआधी फील्ड (वर्ड स्वतः भरतो ते क्रमांक आणि उल्लेख) अपडेट करण्याची सेटिंग चालू असली की वर्ड ते नव्याने भरतो, म्हणून. उल्लेख ज्या कॅप्शनला बांधलेला होता ते कॅप्शन तुम्ही पुसलं किंवा नव्याने टाइप केलं, त्यामुळे उल्लेखाला टेकायला जागा उरली नाही. उपाय: पीडीएफ करण्याआधी स्वतः 'कंट्रोल-ए, एफ९' करा, मग 'कंट्रोल-एफ'मध्ये 'एरर!' शोधा आणि सापडेल तिथे नवा क्रॉस-रेफरन्स घाला. तक्ता हलवायचा असेल तर कॅप्शनसकट निवडून कट-पेस्ट करा.

चित्रं पानभर उड्या मारत असतील तर त्यांचं 'रॅप टेक्स्ट' हे 'इन लाइन विथ टेक्स्ट' करा. चित्र तरंगतं ठेवलं की कॅप्शन टेक्स्ट बॉक्समध्ये जातं आणि 'कंट्रोल-ए, एफ९' त्याच्यापर्यंत पोचत नाही; मग एकाच आकृतीचा क्रमांक चुकीचा का, हे शोधण्यात रात्र जाते. तक्ता दोन पानांत तुटत असेल तर टेबल प्रॉपर्टीजमधल्या 'रो' टॅबवर जा. पहिल्या ओळीला 'रिपीट अ‍ॅज हेडर रो' लावा आणि ओळ मध्येच तुटण्याची परवानगी काढून घ्या. ३६९ एका ओळीच्या शेवटी आणि 'मिग्रॅ/लि' पुढच्या ओळीवर जात असेल तर मध्ये साधी स्पेस न देता 'कंट्रोल-शिफ्ट-स्पेस' द्या.

पहिली पानं रोमन अंकांत आणि प्रकरण एकपासून १, २, ३ हवं असतं. यासाठी प्रकरण एकच्या आधी 'लेआउट'मधून 'सेक्शन ब्रेक (नेक्स्ट पेज)' घाला, नव्या सेक्शनच्या फुटरमध्ये 'लिंक टू प्रीव्हियस' बंद करा, मग पान क्रमांक १ पासून सुरू करा. नेहमी राहून जाते ती मधली पायरी. ती राहिली की रोमन अंक तरी पुढे सरकतात, नाही तर साधे अंक मागे.

कृषीच्या आणि वनस्पतिशास्त्राच्या मुलांसाठी एक जोड. शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरांत, पहिल्यांदा पूर्ण, नंतर पहिला शब्द आद्याक्षराने: ज्वारीसाठी सॉर्गम बायकलर, मग एस. बायकलर. मालदांडी हे ज्वारीच्या वाणाचं नाव आहे, ते तिरपं करायचं नाही. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा जिवाणू झँथोमोनास, त्याचं प्रजातीचं नावही तिरपं, 'तेल्या' साधा. प्रत्येक ठिकाणी हाताने तिरपं करण्याऐवजी एक कॅरेक्टर स्टाइल बनवून ती लावा, म्हणजे कुठे राहिलं ते एका शोधात कळतं.

दुकानात गेल्यावर अक्षरं बदलतात

मराठीतला रिपोर्ट श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर सगळा मजकूर अगम्य होतो. युनिकोडमध्येच टाइप करा. मंगल, निर्मला किंवा कोकिळा विंडोजवर चालतात. मराठीचा साइझ बदलतच नसेल तर फॉन्टच्या चौकटीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा भाग बघा. देवनागरीचा फॉन्ट आणि साइझ वर्ड तिथून घेतो, वरच्या लॅटिनच्या खान्यातून नाही.

कागद ए४ आहे ना, हे सुरुवातीलाच बघा. वर्डमध्ये बरेचदा 'लेटर' ठरवलेला असतो, २१६ बाय २७९ मिमी. ए४ आहे २१० बाय २९७. शेवटच्या दिवशी बदललात तर सगळी पानं नव्याने मांडली जातात. समास, फॉन्ट, ओळींतलं अंतर हे विभागाने दिलेल्या नमुन्याप्रमाणेच ठेवा, मागच्या बॅचच्या रिपोर्टवरून उचलू नका. दुकानात पीडीएफच द्या. तिथल्या मशीनवर वर्ड फाइल उघडून कुणी 'थोडं अ‍ॅडजस्ट' केलं की तुमच्याकडच्या फाइलपेक्षा वेगळाच रिपोर्ट बांधला जातो.

संदर्भ जुळत नाहीत, आणि सिमिलॅरिटी जास्त येते

मजकुरात नाव आहे, यादीत नाही. यादीत आहे, मजकुरात नाही. मजकुरात २०१५, यादीत २०१६. हे तिन्ही हाताने टाइप केल्यामुळे. झोटेरो हे संदर्भ जमा करून ठेवणारं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि वर्डमध्ये त्याचा टॅब येतो. प्रत्येक शोधनिबंध एकदाच तिथे जमा करा, शक्यतो डीओआय (निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक) टाकून, आणि लगेच लेखकांची नावं व वर्ष डोळ्यांनी तपासून घ्या. आपोआप आलेली माहिती नेहमी बरोबर असतेच असं नाही. मजकुरातला उल्लेख आणि शेवटची यादी दोन्ही तिथूनच येऊ द्या. अर्धे संदर्भ झोटेरोतून आणि अर्धे हाताने, असं कधीच करू नका. त्यापेक्षा सगळे हाताने बरे. शैली विभागाने सांगितलेली निवडा. एपीए या संदर्भशैलीच्या सातव्या आवृत्तीनुसार तीन किंवा अधिक लेखक असले की पहिल्या उल्लेखापासूनच पहिल्या लेखकापुढे 'एट अल.' (आणि इतर) येतं, हे जुन्या सवयीमुळे चुकतं. मानकांना संस्था हीच लेखक: भारतीय मानक ब्यूरो, २०१२.

सिमिलॅरिटीबद्दल, म्हणजे दुसऱ्यांच्या मजकुराशी असलेल्या साम्याबद्दल, मुलांमध्ये फार धास्ती असते, म्हणून नियम नीट सांगतो. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं जातं. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत परत द्यावा लागतो, ४० च्या वर ६० पर्यंत वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. संदर्भयादी, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, प्रमाणित सूत्रं आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं या मोजणीत धरत नाहीत. सलग १४ शब्दांपर्यंतचं सामान्य किंवा योगायोगाचं साम्यही वगळलेलं आहे. तुमच्या एम.एस्सी. प्रोजेक्टला विभागाने कुठली टक्केवारी लावली आहे ते नमुन्यातच बघा.

टक्केवारी खाली आणायला शब्द इकडचे तिकडे करणं किंवा फिरवून देणारं सॉफ्टवेअर वापरणं, हे कृपा करून करू नका. त्यात 'टोटल हार्डनेस'चं 'संपूर्ण कडकपणा' होतं आणि परीक्षकाला ते पहिल्या ओळीत कळतं. साम्य बहुतेक दोन जागी साचतं: प्रस्तावनेत आणि पद्धतीत. पद्धत कॉपी करण्याऐवजी मानकाचा उल्लेख करून तुम्ही स्वतः काय केलं तेवढंच लिहा: किती मिली, कुठला इंडिकेटर, किती वेळा. ते वाक्य कुणाशीच जुळणार नाही, कारण ते काम दुसऱ्या कुणी केलेलंच नाही. प्रस्तावनेसाठी मूळ निबंध वाचा, बाजूला ठेवा, आणि मैत्रिणीला सांगावं तसं त्याचं सार मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये बोलून बघा. मग ते इंग्रजीत उतरवा. घरची भाषा इथे तुमच्या मदतीला येते.

परत नेऊन देताना

फाइल एकच ठेवा, नावात तारीख घाला, आणि जुनी प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये. सर किंवा मॅडम फाइलवरच शेरे देत असतील तर 'ट्रॅक चेंजेस' चालू ठेवा. कुठल्या प्रतीत काय बदललं हे विसरलं असेल तर 'रिव्ह्यू'मधलं 'कम्पेअर' दोन फाइलींतला फरक दाखवतं.

प्रिंटवर शेरे आले असतील तर ते एका तक्त्यात उतरवा: शेरा काय, कुठल्या पानावर, काय केलं, आणि त्या दुरुस्तीमुळे आणखी कुठे बदल करावा लागला. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. 'तक्ता ४.३ मधलं रीडिंग बदललं' याच्यापुढे 'आकृती ४.१, चर्चेतला दुसरा परिच्छेद, निष्कर्ष ३, सारांश' असं लिहिलेलं असलं पाहिजे. तो रकाना रिकामा असेल तर तुम्ही अजून शोधलेलं नाही. एखादा शेरा पटला नसेल तर तो गाळू नका. का बदललं नाही ते दोन ओळींत, आदराने लिहा. बहुतेक सर-मॅडम ते ऐकून घेतात, आणि कधी कधी स्वतःचा शेरा मागेही घेतात.

हा तक्ता नव्या प्रिंटच्या वर लावा आणि केबिनमध्ये द्या. सगळी फाइल पहिल्यापासून वाचण्याऐवजी सर त्या पानांवर थेट जातील. सोबत प्रयोगवहीही न्या, कारण ३६९ कुठून आला हे विचारलं तर बोट ब्युरेटच्या रीडिंगवरच ठेवायचंय.